यामातो बांधायला किती तास लागतात? छंदाचा धंदा करण्याआधी हा एक आकडा काढा



या आठवड्याच्या व्हिडिओत माझ्या टेबलावर जे राखाडी जहाज ठेवलं होतं, ते जपानची युद्धनौका यामातो. देवनारला आमच्या रविवारच्या बॅचला येणाऱ्या एका मुलाने ते बनवलंय. काम इतकं साफ की मीसुद्धा दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. मग त्याने विचारलं, "सर, दोन विकली. आता नोकरी सोडू का?"

मी त्याला उलट विचारलं, "एक बांधायला किती तास लागले?"

तो म्हणाला, "मोजले नाहीत. रात्री जेवून झालं की बसायचो."

आजचा लेख या "मोजले नाहीत" वर आहे. मेणबत्त्या, रांगोळीचे साचे, क्रोशे, केक, तुमचा छंद कुठलाही असो, हिशेब हाच लागतो. पण उदाहरण जहाजाचंच घेऊया, कारण त्यात सगळ्या चुका एकदम सापडतात.

आधी जहाज समजून घ्या

खरी यामातो डिसेंबर १९४१ मध्ये जपानी नौदलात दाखल झाली आणि ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडे जाताना अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात बुडाली. लांबी २६३ मीटर, आणि ४६ सेंटीमीटर व्यासाच्या नऊ तोफा. यामातो वर्गाबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याच युद्धनौकेवर एवढ्या मोठ्या तोफा बसवल्या गेल्या नाहीत. म्हणूनच जहाजाचं मॉडेल म्हटलं की बहुतेकांना आधी यामातोच हवी असते.

किटच्या बॉक्सवर १/७०० किंवा १/३५० लिहिलेलं असतं. ते प्रमाण. २६३ मीटरला ७०० ने भागा, साधारण साडेसदतीस सेंटीमीटर येतात. ३५० ने भागलं तर ७५ सेंटीमीटर. म्हणजे पहिलं जहाज टीव्हीच्या शोकेसमध्ये मावतं आणि दुसऱ्याला मुंबईच्या घरात वेगळी जागा करावी लागते. गिऱ्हाइकाला प्रमाण सांगू नका, सेंटीमीटर सांगा. शक्य असेल तर त्याच्या कपाटाचं माप मागून घ्या.

आता छोट्या प्रमाणाचा त्रास बघा. १/७०० मध्ये माणूस अडीच मिलीमीटरचा होतो. डेकच्या कडेचा एक मीटर उंच कठडा दीड मिलीमीटरचाही भरत नाही. असे कठडे पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेले मिळतात. ते चिमट्याने धरून, वाकवून, सुईच्या टोकावर फेविक्विक घेऊन चिकटवायचे. सगळ्यात जास्त तास इथे जातात, आणि गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत.

कामाचे टप्पे

किटमधले पार्ट प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. आधी स्प्रू साबणाच्या कोमट पाण्याने धुवायची, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग निपरने पार्ट कापायचा, उरलेला कोंभ ब्लेडने काढायचा आणि बारीक पॉलिश पेपरने घासायचा.

चिकटवायला मॉडेलचं पातळ सिमेंट लागतं. ते प्लास्टिकच थोडं विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतं. धातूला त्याचा उपयोग नाही, तिथे फेविक्विकच. सगळं एकदम जोडायचं नाही. खालचा सांगाडा, डेक, मधला मनोरा आणि तोफा वेगवेगळे तयार करायचे आणि रंगवून झाल्यावर एकत्र आणायचे. आधीच जोडलं तर मनोऱ्यामागे ब्रश पोहोचत नाही.

रंगातही गंमत आहे. जपानच्या कुरे, सासेबो, माइझुरू आणि योकोसुका या नौदल गोद्यांचा राखाडी रंग थोडा थोडा वेगळा होता. टामिया कंपनी या चारही छटांच्या वेगळ्या बाटल्या विकते. यामातो कुरेला बांधली, म्हणून तिला कुरेचा राखाडी. डेक लाकडी, म्हणून तो फिकट बदामी. डेक रंगवून मास्किंग टेपने झाकायचा आणि मग राखाडी मारायचा.

माझी पहिली ऑर्डर, आणि ५० रुपये तास

आता माझी फजिती सांगतो. माझी पहिली ऑर्डर १/७०० यामातोचीच होती. मी काचेच्या पेटीसकट साडेसात हजार सांगितले. किट, रंग, पितळी कठडे, पेटी, सगळं मिळून खर्च झाला ५,२०० रुपये. उरले २,३००. खूश होतो.

जुलै महिना होता. बाहेर धो धो पाऊस, आणि मी खिडकीत बसून लॅकर रंगाचा फवारा मारत होतो. दहा मिनिटांत राखाडी जहाज दुधासारखं पांढुरकं झालं. कारण साधं आहे. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग फुटल्यासारखा दिसतो. सगळा रंग काढून पुन्हा मारावा लागला. पावसाळ्यात एक तर कोरडा दिवस बघा, नाहीतर हळू सुकवणारा थिनर किंवा पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग वापरा. आणि लॅकर कुठल्याही ऋतूत मारा, खिडकीला एक्झॉस्ट पंखा आणि तोंडाला रसायनाच्या वाफेचा फिल्टर असलेला मास्क हवाच. साधा कापडी मास्क चालत नाही. स्वयंपाकघरात तर हे काम अजिबात नको, थिनर पेट घेतो.

रंग पुन्हा मारून झाला आणि गिऱ्हाईक बघायला आलं. म्हणालं, "मला शेवटच्या लढाईतली हवी होती." मी बनवली होती १९४१ ची. १९४४ च्या सुरुवातीला यामातोच्या दोन्ही बाजूंचे १५.५ सेंटीमीटर तोफांचे बुरूज काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या. ते सगळं मला उचकटून बदलावं लागलं. चूक माझी होती, ऑर्डर घेताना "कुठल्या सालची?" हे मी विचारलंच नव्हतं.

शेवटी एकूण ४६ तास लागले. २,३०० भागिले ४६ म्हणजे तासाला ५० रुपये, आणि त्यात माझी वीज आणि भाडं धरलेलंच नव्हतं.

बरोबर हिशेब कसा करायचा

आधी स्वतःचा तासाचा दर काढा. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

घरी न्यायला महिन्याला २५,००० हवेत. जागा, वीज, फोन, हत्यारांची झीज मिळून ५,०००. एकूण ३०,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण हे सगळे तास बांधकामाचे नसतात. क्रॉफर्ड मार्केटची फेरी, फोन, फोटो, बिल, डिलिव्हरी, यात ८० तास सहज जातात. उरले १२०. तीस हजार भागिले १२० केले की तासाला २५० रुपये. इथेच बहुतेक जण २०० ने भागतात आणि महिनाअखेरीस पैसे कुठे गेले ते शोधत बसतात.

आता जहाजाचे तास लिहा:

- धुणं, कापणं, घासणं: ५
- जोडणी: ९
- प्रायमर, रंग, मास्किंग: ११
- पितळी कठडे: ८
- शेवटचा हात आणि मॅट वार्निश: ४
- बैठक, पेटी, पॅकिंग: ३

बेरीज ४०. चाळीस गुणिले २५० म्हणजे १०,०००. सामान ६,००० धरा. १६,००० झाले. त्यावर मोडतोड आणि पुन्हा करावं लागणाऱ्या कामासाठी १० टक्के, म्हणजे १,६००. किंमत आली १७,६००.

"सर, एवढे कोण देणार?" असं तुम्ही म्हणाल. विचारताय ते बरोबर आहे. देणारे थोडे असतात. पण जो देणार नाही, त्याला साडेसात हजारात देऊन तुम्ही त्याच्या शोकेसचा खर्च स्वतःच्या खिशातून करताय, एवढं लक्षात ठेवा.

सामान घेताना

कस्टम्समध्ये खेळणी आणि स्केल मॉडेल एकाच शीर्षकाखाली येतात, ९५०३. या शीर्षकावरची मूळ आयात ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे जपानी वेबसाइटवरची किंमत रुपयात बदलून ती कोटेशनमध्ये टाकली की तुम्ही बुडालात. सुरुवातीला इथल्याच आयातदाराकडून पक्क्या बिलावर घ्या. स्वतः मागवायचं ठरवलं तर त्या दिवशीचा दर कस्टम्स एजंटला विचारा. आणखी एक गोष्ट. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलांसाठी म्हणून किट विकणार असाल तर हे आधी तपासा.

ऑर्डर घेताना चार गोष्टी लिहून घ्या

एक, जहाज कुठल्या सालचं. दोन, पूर्ण तळासकट की पाण्याच्या रेषेपासून वरचं. तीन, सामानाचे पूर्ण पैसे आणि मजुरीचे निम्मे आगाऊ. चार, डिलिव्हरी कोण करणार. गोवंडी स्टेशनवरून संध्याकाळच्या हार्बर लोकलमध्ये यामातो घेऊन चढायचा प्रयत्न मी एकदा केलाय. अमेरिकन विमानांनी ठेवलं होतं तेवढंसुद्धा शिल्लक राहत नाही. टॅक्सीचे पैसे कोटेशनमध्ये धरा आणि जहाज बैठकीला स्क्रूने पक्कं करा.

एकाच कामावर बसू नका

जपानकडून एक धडा घ्या. १९७१ मध्ये शिझुओका भागातल्या टामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून वॉटरलाइन सिरीज सुरू केली. एकमेकांचे स्पर्धक, तरी प्रमाण एकच ठेवलं, १/७००, आणि कुठलं जहाज कोणी करायचं ते वाटून घेतलं. एक जहाज घेणारा माणूस दुसरं, तिसरं घेत गेला, कारण सगळी एका फळीवर शेजारी शेजारी शोभतात. गिऱ्हाईक परत यावं अशी मांडणी त्यांनी पहिल्या दिवसापासून केली.

तुमच्याकडे त्याचं छोटं रूप म्हणजे रविवारची कार्यशाळा. समजा सहा जण, प्रत्येकी १,२०० रुपये, जमा ७,२००. सोपी किट ३,०००, रंग आणि सिमेंट ६००, जागा ६००. उरले ३,०००. शिकवायचे ४ तास, तयारीचे २. तासाला ५०० पडले. म्हणजे बांधण्याच्या दुप्पट. आपल्याकडची मुलं दिवाळीत मातीचा किल्ला बांधतात, बुरूज, तोफा, मावळे सगळं मापात बसवतात. त्यांच्या हाताला हे काम नवीन नाही, फक्त हत्यार नवीन आहे.

यामातोनंतर काय?

मुंबईत आपल्या डोळ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. आयएनएस विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्याला तोडायला काढली. ते लोखंड भंगारच होतं. पण बजाज ऑटोने त्यातला काही धातू घेतला आणि २०१६ मध्ये व्ही १५ मोटारसायकल आणली. तिच्या टाकीत विक्रांतचा धातू आहे, हीच तिची ओळख. लोकांनी बाइक घेताना एक आठवणही विकत घेतली.

यामातोची किट शेकड्याने मिळतील, पण ती बांधणारेही जगभर आहेत. आपल्या युद्धनौकांची किट त्या मानाने अगदी थोडी. आणि त्या जहाजांवर, गोदीत, माझगाव डॉकमध्ये आयुष्य घालवलेली माणसं आपल्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. निवृत्तीची भेट म्हणून त्यांना स्वतःचं जहाज हवं असतं. २०२२ मध्ये दाखल झालेली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे, यामातोपेक्षा फक्त एका मीटरने कमी. १/७०० मध्ये पेटीची लांबी तीच लागते. रुंदी मात्र जास्त, कारण विमानांचा डेक ६२ मीटर रुंद आहे.

किट नसेल तिथे प्लास्टिकच्या शीटमधून सगळं स्वतः कापावं लागतं. तास दुप्पट, तिप्पट होतात. यामातोला तुमचे किती तास जातात हेच माहीत नसेल, तर विक्रांतचं कोटेशन देणार कशावर? आणि हो, फोटो फक्त प्रसिद्ध झालेलेच वापरा. गोदीच्या भिंतीवरून मोबाइल काढायचा नाही.

त्या मुलाला मी काय सांगितलं

नोकरी आत्ता सोडू नकोस. पन्नास रुपयांची वही घे. पुढची तीन जहाजं बांधताना बसलास की वेळ लिही, उठलास की वेळ लिही. तिसरं जहाज तुझ्या पूर्ण दराने, सवलत न देता, ओळखीबाहेरच्या माणसाला विक. ते जमलं की उद्यम नोंदणी कर, ती मोफत होते. मग आपण नोकरीचं बोलू.

त्याचं तोंड थोडं पडलं. पण पुढच्या रविवारी वही घेऊन आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "कठडे, डावी बाजू, ३ तास १० मिनिटं." खाली कंसात, "वाटलं होतं १ तास."

तुम्हीही आज रात्री जे काही बनवायला बसाल, त्याची वेळ लिहा. आधी अंदाज लिहा, मग खरी वेळ. या दोन आकड्यांत जो फरक निघेल, तेवढे पैसे आजवर तुमच्या खिशातून जात होते.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.