घरगुती तारजाळे आणि ब्रॉडबँडचा वेग

घरगुती तारजाळे म्हणजे घरातील संगणक, दूरचित्रवाणी संच, मुद्रक इत्यादी उपकरणे केबलने राउटरला जोडून तयार होणारी संपर्कव्यवस्था. अशा जाळ्यांत प्रामुख्याने इथरनेट हे तंत्र वापरले जाते. रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज आदींनी ते १९७३ पासून कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात विकसित केले. १९८३ मध्ये आयट्रिपलई या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाने त्याचे मानक संमत केले. तारेतला संदेश भिंतींमुळे क्षीण होत नाही व शेजारच्या वायफायशी त्याची स्पर्धा नसते; म्हणून करारातील पूर्ण वेग मिळवण्याचा हा खात्रीचा मार्ग मानला जातो. तरीही ३०० मेगाबिटांचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या संगणकापर्यंत कधीकधी त्याचा तिसरा हिस्साही पोचत नाही. दोष मात्र सेवादात्याच्या माथी मारला जातो.

वेगाचे एकक

जोडणीचा वेग मेगाबिट प्रतिसेकंद या एककात सांगतात. फाइल उतरवताना संगणक मात्र बहुधा मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट होत असल्याने ३०० मेगाबिटांच्या जोडणीवर ३७.५ मेगाबाइट हीच कमाल मर्यादा होय. पुष्कळशा तक्रारी या भागाकारापाशीच मिटतात. भारतात ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी आवश्यक असलेला किमान वेग २०२३ मध्ये ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिट करण्यात आला.

९४चा आकडा

वेगचाचणीत पुनःपुन्हा ९४ किंवा ९५ मेगाबिट दिसत असतील, तर अडथळा बहुतेक वेळा घरातच असतो. इथरनेटवरील पूर्ण आकाराचे एक पाकीट तारेवर १५३८ बाइटांची जागा घेते. पत्ते, शीर्षके व दोन पाकिटांमधील मोकळी जागा वजा जाता त्यातील सुमारे १४५० ते १४६० बाइटच प्रत्यक्ष माहितीचे असतात. म्हणजे १०० मेगाबिटांची तार पूर्ण क्षमतेने चालली, तरी हाती ९४-९५च येतात. असा आकडा म्हणजे साखळीतील एखादी कडी १०० मेगाबिटांची असल्याची खूणच.

ती कडी अनेकदा केबलच्या टोकाशी सापडते. केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. १९९५ च्या १०० मेगाबिटांच्या मानकाला त्यांपैकी दोनच पुरतात; १९९९ च्या १००० मेगाबिटांच्या, म्हणजे गिगाबिट मानकाला चारही लागतात. कारागिराने टोकाला चारच तारा बसवल्या असतील, एकाच केबलमधून दोन खोल्यांच्या जोडण्या काढल्या असतील किंवा दाराच्या फटीत चेपून एखादी तार तुटली असेल, तर जोडणी बंद न पडता मुकाट्याने १०० वर उतरते. इंटरनेट चालू राहते, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

दुसरे कारण राउटर. काही स्वस्त राउटरांच्या खोक्यावर १२०० असा आकडा ठळक छापलेला असतो. तो वायफायच्या दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतो. मागील बाजूची तारेची पोर्टे मात्र १०० मेगाबिटांचीच असू शकतात. हे तपशील अगदी बारीक अक्षरांत सापडतात. खरेदीपूर्वी ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द शोधावेत. जुना स्विच मध्ये जोडलेला असल्यास तोही याच दृष्टीने तपासावा.

केबलची निवड

गिगाबिट वेगासाठी ‘कॅट ५ई’ प्रतीची केबल १०० मीटरपर्यंत पुरते. त्याहून वरच्या प्रतीची केबल घेतल्याने साध्या घरात वेग वाढत नाही. मात्र तार अस्सल तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा स्वस्त मिळतात, पण त्यांचा विद्युतरोध अधिक असतो, त्या वाकवताना लवकर तुटतात आणि मानकातही बसत नाहीत. विजेच्या तारांच्याच नळीतून ही केबल ओढू नये; त्यामुळे संदेशात व्यत्यय येतो आणि धोकाही संभवतो.

दोष शोधण्याची रीत

प्रथम संगणकाच्या जाळेविषयक माहितीत जोडणीचा वेग पाहावा. तेथे १०० असल्यास केबल बदलून पाहावी. तेथे १००० असूनही चाचणीत ९४च येत असल्यास लहान केबलने संगणक थेट मुख्य राउटरला जोडून चाचणी घ्यावी आणि मग एकेक कडी वाढवत जावे. ज्या कडीनंतर आकडा घसरतो, तीच सदोष. थेट जोडूनही तो ९४च राहिल्यास राउटर व फायबरच्या पेटीमधली केबल व पोर्ट तपासावे. चाचणीच्या वेळी अन्य उपकरणांची वाहतूक थांबवणे आवश्यक आहे. १००० मेगाबिटांहून अधिक वेगाची सेवा घेतल्यास गिगाबिट पोर्टही अपुरे पडते. त्यासाठी २०१६ च्या मानकानुसार २.५ गिगाबिटांची पोर्टे मिळतात व त्यांना जुनी ‘कॅट ५ई’ केबल चालते.