सोला, शिजवा, मगच खा
सुरण कच्चा राहिला तर घसा खाजतो, आणि पुढच्या वेळी चिंच किंवा कोकम घालायला कोणी विसरत नाही. सुरणाचे लेबल जणू सुरणातच असते. कसाव्याचे तसे नाही. ज्या कंदाच्या सत्त्वापासून आपला साबुदाणा होतो तो हा कंद. त्याच्या गोड जाती चवीला अगदी निरुपद्रवी लागतात, पण त्यांच्यातही लिनामरिन नावाचे द्रव्य असते. कंद चिरला, किसला किंवा चावला की पेशी फुटतात, कंदातलेच एक विकर या द्रव्यावर काम करू लागते आणि हायड्रोजन सायनाइड सुटते. उपवासाच्या खिचडीची मात्र धास्ती नको. साबुदाण्यासाठी कंद सोलून किसतात आणि त्याचे सत्त्व पाण्यात धुऊन निवळतात, तेव्हा विषारी अंश पाण्याबरोबर निघून जातो. अडचण येते ती कच्चा कंद किंवा त्याचे गोठवलेले तुकडे समुद्रापलीकडच्या दुकानात पोचतात तेव्हा, कारण गोठवल्याने हे विष जात नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सामायिक अन्नसंहितेने यावर जो मार्ग काढला आहे तो मला शहाणपणाचा वाटतो. तिथे किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी हायड्रोजन सायनाइड असलेला गोड कसावाच विकता येतो. तयार चिप्ससाठी मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम इतकी कडक आहे, आणि ऑस्ट्रेलियात आयात चिप्स जोखमीच्या पदार्थांत धरून तपासल्या जातात. चिप्स पाकीट फोडून थेट तोंडात जातात, म्हणून जे काही तपासायचे ते आधीच तपासले पाहिजे. कच्च्या कंदाला मात्र संहिता एक साधे वाक्य जोडायला लावते: सोलून आणि पूर्ण शिजवूनच खावे. कंदाचा धोका बंदरावर संपत नाही, तो संपतो चुलीवर, आणि चुलीपर्यंत ना निरीक्षक पोचतो ना आयातदाराचा परवाना. परवान्यामुळे माल कोणी आणला आणि जाब कोणाला विचारायचा, एवढे कळते. ते गरजेचे आहेच, पण पातेल्यात पाणी किती घालायचे हे परवाना सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की फिजीत किंवा केरळात पिढ्यानपिढ्या कसावा खाणाऱ्यांना हे शिकवायची गरज काय? घरच्या घरी ती नसेलही. पण परंपरेचे ज्ञान तिथल्या जातींशी आणि तिथल्या रीतींशी बांधलेले असते, आणि हाताशी वेळ व पाणी असेल तरच ते पाळता येते. १९८१ साली मोझांबिकच्या नांपुला भागात दुष्काळ पडला, कडू कसाव्यावर करायच्या प्रक्रियेला फाटा द्यावा लागला आणि हजारावर माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. ती माणसे अडाणी नव्हती, उपाशी होती. शिवाय निर्यात झालेला कंद फक्त जाणत्यांच्या घरी जात नाही. ग्लुटेन टाळणारा कोणीही तो बटाट्यासारखा समजून उचलतो.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक खेप तपासा, म्हणजे लेबलाची कटकटच नको. पण सायनाइडचे प्रमाण जात, माती आणि पाऊसपाणी यांप्रमाणे बदलते, एकाच शेतातल्या दोन कंदांतही ते सारखे नसते, आणि तपासलेला नमुना किसला जातो, विकला जात नाही. नमुना खेपेचा अंदाज देतो, तुमच्या पिशवीतल्या कंदाची हमी देत नाही.

तिसरा आक्षेप मला खोडता येत नाही. सूचना इंग्रजीत असते, आणि कसावा आवडीने घेणाऱ्या अनेकांची भाषा वेगळी असते. आपल्याकडेही लेबलाला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते. सोलणी आणि उकळते पातेले यांचे चित्र छापायला फारसा खर्च येऊ नये. सुट्या विक्रीत तर गोष्ट आणखी निसटते. नियमाप्रमाणे तिथे सूचनेची पाटी ढिगाजवळ असते, पण कंद घरी जातो आणि पाटी दुकानातच राहते.