जस्ट मर्सी
अन्यायाने मृत्युदंड झालेल्या बंद्याच्या बचावावरील अमेरिकन चित्रपट (२०१९). दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटन. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या त्याच नावाच्या आत्मकथनावर (२०१४) तो आधारलेला आहे.

ॲलाबॅमा राज्यातील मनरोव्हिल येथे १९८६ मध्ये एका गौरवर्णीय युवतीचा खून झाला. त्या वेळी लाकूडतोडीचा व्यवसाय करणारा कृष्णवर्णीय वॉल्टर मॅकमिलियन आपल्या घरी आप्तेष्टांसमवेत होता. तरीही त्यास खटल्यापूर्वीच मृत्युदंडाच्या बंद्यांत ठेवण्यात आले व मुख्यतः एका गुन्हेगाराच्या खोट्या साक्षीवर दोषी ठरविण्यात आले (१९८८). ज्यूरीने केलेली जन्मठेपेची शिफारस डावलून न्यायाधीशाने मृत्युदंड दिला. न्यायाधीशांचा हा अधिकार ॲलाबॅमात २०१७ मध्ये रद्द झाला. साक्षीदाराने जबानी मागे घेतल्यावर आणि दडविलेला पुरावा उजेडात आल्यावर १९९३ मध्ये मॅकमिलियनची मुक्तता झाली.

मायकेल बी. जॉर्डन (स्टीव्हन्सन) व जेमी फॉक्स (मॅकमिलियन) यांचा अभिनय संयत आहे. न्यायालयातील प्रसंग मात्र काहीसे ठरीव वाटतात. चित्रपटाची खरी कसोटी हर्बर्ट रिचर्डसनच्या उपकथेत लागते. व्हिएटनाम युद्धातून मनाने खचून परतलेला हा सैनिक निरपराध नाही. त्याला विद्युत्-खुर्चीकडे नेले जाते, तेव्हा कोठड्यांतील बंदी गजांवर भांडी आपटून त्याला साथ देतात.