‘कसं कळलं?’ नावाचा रकाना

चिंचपाड्याच्या एका हायस्कुलात दहावीच्या शेवटच्या बाकावर मी दोन तास बसलो. इतिहासाच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण पाश्चात्त्य इतिहासलेखनाचं. व्हॉल्तेअर, हेगेल, रांके ही नावं पोरं घोकतात आणि जोड्या लावण्यापुरती लक्षात ठेवतात. मूळ कागद बघा, कल्पनेच्या भराऱ्या नकोत, हे रांकेचं सांगणं घरी मावची बोलणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराच्या गळी उतरवायचं कसं? या शाळेतल्या सरांनी त्यासाठी दोन अमेरिकन माणसं वर्गात आणली : बुकर टी. वॉशिंग्टन आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

निवड विचार करून केलेली होती. दोघेही गुलामीत जन्मलेले आणि पुढे अलाबामातल्या टस्कीगीच्या एकाच संस्थेत पोचलेले. बुकरनं ती १८८१ पासून उभी केली. कार्व्हर १८९६ मध्ये शेतीशास्त्र शिकवायला आला. बुकरचं चरित्र त्याचं त्यानंच लिहिलेलं, १९०१ सालचं. कार्व्हरचं मराठीत वीणा गवाणकरांनी लिहिलं, १९८१ मध्ये. ‘एक होता कार्व्हर’ची शाळेतली प्रत इतकी हाताळलेली होती, की पाठीला कापडी पट्टी डकवली होती. आत्मचरित्राचा मजकूर सरांनी स्वतः मराठीत उतरवून आणला होता, फुलस्केपवर.

फळ्यावर चार रकाने आखले. घटना, बुकर, कार्व्हर, आणि चौथा : कसं कळलं? चौथ्यात तीनच उत्तरं चालतात : कागद आहे, स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडून ऐकलं.

पहिली घटना जन्म. तिथंच गाडी अडली. बुकरनं आत्मचरित्रात १८५८ किंवा ५९ असा अंदाज केलाय, अभ्यासक १८५६ मानतात. कार्व्हरचं साधारण १८६४ धरतात, तेही नक्की नाही. एक मुलगी म्हणाली, “सर, एवढा मोठा माणूस आणि जन्मतारीख नाही?” सरांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, “कोणाकोणाच्या वडिलांची जन्मतारीख १ जून?” निम्म्याहून जास्त हात वर झाले आणि वर्गात हशा पिकला. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून मांडून मोकळे होत, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. मागून एकजण पुटपुटला, “मग त्याचीपण एक जूनच घाला.”

मला वाटतं, त्या दिवशीचा धडा इथंच झाला होता. मालकाला गुलामाच्या जन्माची तारीख लिहून ठेवण्याची गरज नव्हती. कोरा रकानाही काही सांगतो, हे पोरांना हसता हसता कळलं.

मग आडनावं. बुकरला शाळेत पहिल्या दिवशी हजेरीला आडनाव विचारलं, तेव्हा त्यानं तिथल्या तिथं ‘वॉशिंग्टन’ सांगून टाकलं. कार्व्हर हे मालकाचं आडनाव. गावित, वळवी, कोकणी आडनावांची पोरं यावर बराच वेळ आपसात बोलत राहिली, आणि मावचीत बोलली म्हणून सरांनी कोणाला दटावलं नाही.

कार्व्हर तान्हा असताना त्याला आणि त्याच्या आईला लुटारूंनी पळवलं. मूल परत मिळालं, आई मिळाली नाही, मुलाच्या बदल्यात मालकानं घोडा दिला. वर्ग चिडीचूप. कसं कळलं? तान्ह्या मुलाला आठवणार नाही, म्हणजे ऐकलेलं. एका मुलानं ‘खोटं’ असं लिहिलं होतं, ते सरांनी खोडायला लावलं. ऐकलेलं म्हणजे खोटं नव्हे, ऐकलेलं म्हणजे ऐकलेलं.

बुकरची हॅम्प्टनच्या शाळेतली प्रवेशपरीक्षा म्हणजे एक खोली झाडणं. त्यानं ती तीनदा झाडली, चारदा पुसली. “झाडायला तर आम्हालापण असतं, पण पास कोण करतं?” हा शेरा आश्रमशाळेतून आलेल्या मुलाचा. याच्या चौथ्या रकान्यात ‘स्वतः सांगितलं’. स्वतः सांगणारा माणूस काय गाळतो, हा पुढचा प्रश्न. टस्कीगीत या दोघांचं फार सख्य नव्हतं. कोंबड्यांच्या खुराड्याच्या हिशेबावरून बुकरनं कार्व्हरला धारेवर धरलं होतं, कार्व्हर राजीनाम्याची भाषा करत होता. हे त्यांच्या पत्रव्यवहारात सापडतं, म्हणजे कागद आहे. दोन थोर माणसं कोंबड्यांवरून भांडतात, याचा पोरांना भलताच आनंद झाला. मला विचाराल तर थोरांची चरित्रं अशीच शिकवावीत.

सरांनी मधेच महात्मा फुल्यांना आणलं. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलेली. पुस्तक पुण्यात निघालं तेव्हा कार्व्हर नऊएक वर्षांचा असेल, हा हिशेब एका मुलीनं फळ्यावर येऊन केला.

दुसऱ्या तासाला सर वर्गाला हेडमास्तरांच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवर लिंकनचं आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, वसंत बापटांच्या मराठीत. महाराष्ट्रात ही तसबीर कुठल्या शाळेत नसेल! पोरांनी वह्या उघडल्या. तारीख? नाही. शाळेचं नाव? नाही. मास्तरांचं? नाही. मुलगा कोणता? लिंकनला चार मुलगे, तेही लिहिलेलं नाही. लिंकनच्या संग्रहित लेखनात हे पत्र नाही, हे सरांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्याच लिंकननं १८५९ मध्ये स्वतःची हकीकत थोडक्यात लिहून दिली, तिला मात्र कागद आहे. आपल्याला लिहिता-वाचता आणि त्रैराशिकापर्यंत हिशेब येत होता, एवढीच शाळा तो त्यात कबूल करतो.

“मग तसबीर काढायची का?” असं एकानं विचारलं. हेडमास्तर खुर्चीतच होते. ते म्हणाले, “शब्द चांगले आहेत, राहू द्या.” हिशेब मांडणारी मुलगी म्हणाली, “राहू द्या सर, पण खाली लिहा, लिंकनचं आहे असा कागद नाही.”

पुढच्या सोमवारी तिच्याच अक्षरातली चिठ्ठी काचेच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवली गेली. तुमच्या शाळेतही ही तसबीर असेल. एकदा जवळ जाऊन तारीख शोधा.