समुद्रात हायड्रोजन बनवला, तर समुद्राचे काय होते?

समुद्रातील पवनचक्क्यांच्या विजेने तिथेच पाण्याचे विघटन करून हायड्रोजन बनवता येतो. फ्रान्सच्या ल क्रुआझिक किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर २०२३ मध्ये १ मेगावॉटच्या तरंगत्या संचाने हे करून दाखवले.

१ किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते. त्यासाठी समुद्राचे पाणी गोडे करताना मागे राहिलेले जास्त खारे पाणी परत समुद्रात सोडतात. मोठी काळजी मात्र उष्णतेची आहे. एका किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज लागते. हायड्रोजनमध्ये त्यातली जेमतेम ३९ साठतात. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन थंडाव्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडते. उथळ, संथ समुद्रात कोमट पाणी वर तरंगते, थर नीट मिसळत नाहीत आणि तळाला प्राणवायू कमी पोहोचतो. जोरदार प्रवाहात तीच उष्णता लवकर पांगते, म्हणून जागेची निवड निर्णायक ठरते.

शिवाय पवनचक्क्यांचा पाया ठोकतानाच्या आवाजाने डॉल्फिन दूर जातात. गळालेला हायड्रोजन हवेतल्या मिथेनचे आयुष्य वाढवतो.

महाराष्ट्राचे हरित हायड्रोजन धोरण २०२३ चे. समुद्री पवनऊर्जेसाठी मात्र आधी गुजरात आणि तमिळनाडूचे किनारे निवडले गेले. कोकणात असा प्रकल्प आखायचा झाल्यास वेळाससारख्या कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांचा अभ्यास आधी हवा.