जिना कोणी दुरुस्त करायचा?

भाड्याच्या इमारतीत राहावे की नाही, ही चर्चा आपल्याकडे दोन आकड्यांवर येऊन थांबते. महिन्याचे भाडे किती आणि कर्जाचा हप्ता किती? गेली वीसेक वर्षे नोकरी सांभाळून मी मुंबईतल्या जुन्या भाडेपावत्या, करारपत्रे आणि कायद्यांच्या प्रती जमवत आलो आहे. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. पण हे कागद वाचताना तिसराच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. इमारतीचा जिना खचला तर तो दुरुस्त कोणी करायचा, आणि त्याने केला नाही तर त्याला भाग कोण पाडणार? भाड्याने राहण्याचे बहुतेक फायदे-तोटे या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडतात.

मुंबईने याची दोन उत्तरे देऊन पाहिली. पहिले उत्तर १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे. महायुद्धाच्या काळात शहरात घरांचा तुटवडा होता, फाळणीनंतर माणसांचे लोंढे आले. अशा वेळी मालकांनी मनमानी करू नये म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच मुळात प्रमाण भाडे धरले गेले. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळू लागला.

हा फायदा किती मोठा होता, हे गिरणगावात दिसले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांतला पगार थांबला. पण खोलीचे भाडे इतके कमी होते की, उसनेपासने करून ते भरता येई. नोकरी गेली तरी डोक्यावरचे छप्पर टिकले आणि मुलांची शाळा सुटली नाही. बाजारभावाने भाडे असते तर ही कुटुंबे पहिल्या वर्षातच पांगली असती, असे मला वाटते.

याच कायद्याचा तोटा मात्र भिंतींतून झिरपत राहिला. भाडे गोठले, पण चुना, लोखंड आणि मजुरी गोठली नाही. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि परवडली तरी त्याने ती का करावी? भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय कायद्यात आहे; पण सध्याच्या कायद्यानुसार वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम एका वर्षात कापता येत नाही. महिना शंभर रुपये भाडे असेल तर वर्षाला तीनशे रुपये. एवढ्यात आज गवंडी एक दिवसही येत नाही.

इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा बेटावरच्या १९,६४२ इमारती या यादीत होत्या. म्हणजे जिन्याची जबाबदारी मालकाकडून मंडळाकडे गेली. टेकू लागले, काही इमारती नव्याने उभ्या राहिल्या, तर काही कुटुंबांची वर्षे संक्रमण शिबिरात गेली. दरम्यान, कायद्याला मंजूर नसलेली पागडी उघड गुपित बनली होती. खोली हस्तांतरित होताना मालकाला त्यातला वाटा मिळे. भाड्यातून न निघणारी किंमत तो अशी एकरकमी वसूल करी.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. शंभर रुपयांवर चार रुपये! जिन्यापर्यंत हे पैसे पोहोचणार नव्हतेच.

दुसरे उत्तर म्हणजे आजचा लिव्ह अँड लायसन्सचा करार. ठाणे, पनवेल, पिंपरी-चिंचवडच्या संकुलांत आज भाड्याने राहणारी बहुतेक कुटुंबे याच करारावर राहतात. येथे फायदे रोकडे आहेत. लिफ्ट चालते, पाणी येते, पहारेकरी असतो. नोकरी बदलली तर नोटीस देऊन निघता येते, वीस वर्षांचे कर्ज मानेवर नसते. मालकालाही घर परत मिळण्याची खात्री असते, म्हणून तो ते भाड्याने देतो. ही खात्री नसली की घराला कुलूप लागते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली होती. त्यामागची कारणे अनेक असतील, पण घर अडकण्याची धास्ती हे त्यातले एक नक्कीच आहे.

तोटा असा की, मुदत संपली की हक्क संपला. मुदतीनंतर राहिलेल्या माणसाकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूद कायद्यात आहे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने सहा वर्षांत तीन घरे बदलली आणि त्यांच्या मुलीने दोन शाळा. शिवाय घर मिळण्याआधी आडनाव, आहार, लग्न झाले आहे की नाही, याची चौकशी होते ती वेगळीच. देखभालीचा खर्च भाड्यातून निघतो, पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूला मत नाही. लिफ्ट बंद पडली तर तो मालकाला फोन करतो, मालक सचिवांना.

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. जुन्या चाळीत भाडेकरूला हक्क होता, पण जिन्यासाठी पैसा नव्हता. नव्या संकुलात पैसा आहे, पण भाडेकरूला हक्क नाही. स्थैर्य आणि डागडुजी एकाच छपराखाली नांदतील, अशी भाड्याची व्यवस्था आपण अजून उभारलेली नाही. दीर्घ मुदतीचा करार, ठरलेल्या दराने होणारी भाडेवाढ आणि दुरुस्तीची लेखी जबाबदारी या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर ती उभी राहू शकेल.

तोवर भाड्याने घर घेणाऱ्याने निदान एवढे करावे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, या समजावर विसंबू नये. महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुले शाळेत असतील तर दोन-तीन वर्षांची मुदत मागावी. गळती, नळ, वायरिंग यांचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्यावे. आणि घर पाहायला जाल तेव्हा लिफ्टने वर गेलात तरी खाली जिन्याने उतरा. त्या इमारतीत दुरुस्ती कोण करते, आणि कोणी करते की नाही, हे दलालाच्या आधी तो जिना सांगेल.