खांदा दुखतोय? आधी हात तपासून घ्या

"खांदा धरलाय, तेल चोळलं की मोकळा होईल," असे म्हणत आमच्या शेजारच्या खालांनी चार महिने काढले. आधी केस विंचरताना हात अडू लागला, मग ओढणी मागे टाकणे जमेना, शेवटी त्या कुशीवर झोपही येईना. कुणीतरी झटका देऊन हात वर ओढला. दुखणे आणखी वाढले. अखेर मुलीने त्यांना फिजिओथेरपिस्टकडे नेले. सोबत एक्स-रे होता आणि त्यात काहीच दोष नव्हता. "मग दुखतं कशानं?" खालांनी विचारले.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. सांध्याभोवतीचे आवरण आणि स्नायू त्यात कळत नाहीत. त्यासाठी हातच तपासावा लागतो. दुखणे कधी सुरू झाले, पडलात का, रात्री जाग येते का, मधुमेह आहे का, हे विचारून झाल्यावर थेरपिस्ट म्हणाल्या, "खाला, हात स्वतः वर करा." मग म्हणाल्या, "आता हात सैल सोडा, मी उचलते."

या दोन सूचनांत बरेच निदान दडलेले असते. स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, अशा वेळी खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना इजा झाल्याची शंका येते. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच कळ येत असेल, तर स्नायूंचे कंडरे दुखावलेले असू शकतात. मान वळवल्यावर कळ वाढते आणि बोटांपर्यंत मुंग्या जातात, तेव्हा मूळ बहुधा मानेत असते.

खालांचा हात दोन्ही वेळा एकाच जागी अडला. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितले, तर तो जेमतेम हलला. हा 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे सांध्याचे आवरण आखडून घट्ट होणे. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले. चाळिशी ते साठीत, त्यातही स्त्रियांमध्ये, तो अधिक आढळतो. मधुमेह असणाऱ्यांना तर त्याचा धोका कितीतरी पटीने जास्त. म्हणून खालांना रक्तातील साखर तपासायला सांगितले. ती वाढलेली निघाली. खांद्यामुळे मधुमेह कळला!

हे दुखणे तीन टप्प्यांतून जाते: आधी वेदना, मग आखडणे, मग हळूहळू मोकळे होणे. यात वर्ष-दोन वर्षे, कधी जास्तही काळ जातो. शेक, सोसेल इतकाच रोजचा व्यायाम, साखरेवर ताबा आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन, असा उपचार असतो. जोर लावून ओढाताण मात्र करू नये.

काही वेळा थांबणे धोक्याचे असते. खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक दवाखाना गाठावा. पडल्यानंतर हात उचलत नसेल, किंवा सांधा लाल-गरम होऊन ताप आला असेल, तरीही उशीर करू नये.

घरात सर्वांची औषधे वेळेवर देणारी आई स्वतःचा खांदा मात्र महिनोन्‌महिने सोसत राहते. आज तिला एवढेच विचारा: "अम्मी, हात वर जातो का?"